घर तारण ठेवून बी.ए. करावं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी बडोद्याची, दांडिया बाजारात लहानाची मोठी झालेली मुलगी. यंदा सीबीएसईची बारावी ह्युमॅनिटीज घेऊन झाले. मला आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पदवी घ्यायची आहे आणि पुढे परराष्ट्र सेवेत जायचं आहे. शाळेत असताना मॉडेल युनायटेड नेशन्सच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सभेच्या धर्तीवरच्या वादस्पर्धांत बक्षिसंही मिळाली. दिल्लीजवळच्या एका खासगी विद्यापीठात याच विषयाच्या बी.ए.ला प्रवेश मिळतो आहे. राहणं-जेवण धरून खर्च वर्षाला नऊ लाख. बाबा मकरपुऱ्याला एका कंपनीत आहेत, निवृत्तीला सहा वर्षं उरली आहेत. ते फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढायला तयार आहेत. आई म्हणते, इथल्याच एम.एस.ला, म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठात, राज्यशास्त्र घे, घरी राहा, यूपीएससीचा क्लास लाव. सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा, दिली आहे, पण तिचा निकाल आणि दिल्ली विद्यापीठाच्या याद्या लागायच्या आधीच त्या खासगी विद्यापीठाला सीट पक्की करायला दीड लाख भरायचे आहेत. पुण्याचा आतेभाऊ म्हणतो, या क्षेत्रात कॉलेजचं नाव नसेल तर कुणी दारात उभं करत नाही. एम.एस.ला गेले तर सगळं इथेच संपलं असं मला वाटतं. आणि राज्यशास्त्र म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंध नव्हेत ना? ताई, काय करू?

माझं उत्तर:

आधी मत सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागणार नाही. पहिल्या पदवीसाठी बाबांना फ्लॅट तारण ठेवू देऊ नकोस. तुझं स्वप्न मोठं आहे किंवा तू मुलगी आहेस, याच्याशी या सल्ल्याचा काही संबंध नाही. तुला जिथे पोचायचं आहे तिथे जाताना पैशाची खरी गरज पुढच्या टप्प्यावर लागते आणि तू तो सगळा पहिल्याच टप्प्यावर ओतायला निघाली आहेस, म्हणून हे म्हणते.

तू लिहिलं आहेस, परराष्ट्र सेवेत जायचं आहे. त्या सेवेत थेट नेणारी कुठलीही पदवी भारतात नाही. वाट एकच, यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा. तिला कुठल्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची, कुठल्याही शाखेची पदवी चालते. वय किमान २१ आणि खुल्या गटाला ३२ वर्षांपर्यंत सहा प्रयत्न. दरवर्षी दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात, आणि परराष्ट्र सेवेच्या जागा गेल्या काही वर्षांत तीस-चाळीसपासून पन्नास-पंचावन्नपर्यंत राहिल्या आहेत. कॉलेजच्या नावाला त्या परीक्षेत एकही गुण नाही. आताचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर हे मूळचे याच सेवेतले. त्यांची पहिली पदवी रसायनशास्त्राची, आंतरराष्ट्रीय संबंध त्यांनी नंतर जेएनयूत केले. आपले विजय गोखले २०१८ ते २०२० या काळात परराष्ट्र सचिव होते. ते इतिहासाचे एम.ए. ज्ञानेश्वर मुळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाटसारख्या गावातून निघाले आणि जपानी भाषेत पारंगत होऊन पुढे न्यूयॉर्कला कॉन्सुल जनरल झाले. सेवेत निवड झाल्यावर मसुरीची पायाभूत तालीम, मग दिल्लीच्या सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेतलं प्रशिक्षण आणि एक परकीय भाषा, हे सगळं सरकारच शिकवतं. म्हणजे ज्या पदवीसाठी तुमचं घर पणाला लागतंय, ती तू मागते आहेस त्या दाराची किल्ली नाही.

पण मला तुला एक वेगळंच विचारायचं आहे. तुला परराष्ट्र सेवा हवी आहे, की हा विषय हवा आहे? पत्रात तू दोन्ही एका दमात लिहिलं आहेस, आणि अठराव्या वर्षी तसंच होतं. पण समजा परीक्षेत यश आलं नाही, आणि पुष्कळ हुशार मुलांना येत नाही, तरीही तुला हा विषय वाचत राहावंसं वाटेल का? वाटत असेल तर वृत्तपत्रं, संशोधन संस्था, विद्यापीठं, व्यापार, आंतरराष्ट्रीय संघटना अशा वाटा आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना निदान एम.ए. लागतं. वाटत नसेल, फक्त पदच खुणावत असेल, तरी त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग मात्र पदवी अशी घे की जिच्या जोरावर दुसरं कामही मिळेल. या प्रश्नाचं उत्तर आजच मला नको, तुला स्वतःला मात्र लागेल.

आता राज्यशास्त्राचा मुद्दा. तुझी भीती अर्धी बरोबर आहे. राज्यशास्त्रात राज्यघटना, राजकीय विचार, प्रशासन, तौलनिक राजकारण असं पुष्कळ असतं, आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा त्यातला एक भाग. पण बी.ए.च्या पातळीवर ज्याला आंतरराष्ट्रीय संबंध म्हणतात त्याची घडण तरी कशाची असते? एक उदाहरण घे. १९६० च्या सप्टेंबरमध्ये कराचीत नेहरू आणि अयुब खान यांनी सिंधू जलकरारावर सह्या केल्या, मध्यस्थी जागतिक बँकेची. रावी, बियास, सतलज भारताकडे. सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानकडे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने हा करार स्थगित ठेवला. यावर चार पानांचं नीट टिपण लिहायचं तर तुला फाळणीचा इतिहास हवा, कालवे कुठून कुठे जातात तो भूगोल हवा, करार एकतर्फी थांबवता येतो का हा कायदा हवा, आणि पंजाबातल्या शेतीचं अर्थकारणही हवं. वास्तववाद आणि उदारमतवाद या सिद्धांतांची ओळख त्यानंतर येते, आणि ती एका सेमिस्टरमध्ये होते. या विषयाचं जगातलं पहिलं अध्यासनच मुळी १९१९ मध्ये वेल्समधल्या ॲबरिस्टविथला, पहिल्या महायुद्धाच्या धक्क्यातून स्थापन झालं. अजून लहान वयाचा विषय आहे हा, आणि थोरल्या विषयांच्या खांद्यावर उभा आहे. म्हणून मी तर म्हणेन, पहिल्या पदवीला इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र किंवा एखादी परकीय भाषा पक्की कर आणि आंतरराष्ट्रीय संबंध एम.ए.ला घे. दिल्लीच्या राज्यशास्त्र ऑनर्समध्ये आंतरराष्ट्रीय संबंध, जागतिक राजकारण आणि भारताचं परराष्ट्र धोरण शिकवतातच. यूपीएससीतल्या वैकल्पिक विषयाचं नावही राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध असं जोडूनच आहे.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. "एम.एस.ला गेले तर सगळं इथेच संपलं." तू रोज ज्या सयाजीगंजातून जातेस, तिथल्या आर्ट्स फॅकल्टीच्या घुमटाखाली एकेकाळी बडोदा कॉलेज होतं. १९१८ मध्ये तिथून तत्त्वज्ञान घेऊन एक मुलगी पदवीधर झाली. पुढे ती संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताची प्रतिनिधी म्हणून बसली आणि १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमात सर्व पुरुषांऐवजी सर्व मानव असं यावं म्हणून अडून बसली. ते बदललं, आणि आज तसंच आहे. हंसाबेन मेहता. १९४९ मध्ये एम.एस. विद्यापीठ झालं तेव्हा पहिल्या कुलगुरूही त्याच होत्या. त्यांच्या नावाच्या लायब्ररीत तू कधी बसली आहेस का? नसशील तर या आठवड्यात जाऊन ये.

आणखी एक गोष्ट, जी खासगी विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात तुला मिळणार नाही. १८७४ मध्ये बडोद्याचे इंग्रज रेसिडेंट, म्हणजे संस्थानातले ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आळ तेव्हाचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर आला. १८७५ मध्ये चौकशी आयोग बसला. त्यात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद होते: ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. मल्हाररावांच्या बाजूने लढायला थेट लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हे वकील आले. इंग्रज सभासदांनी दोषी म्हटलं, हिंदी सभासदांनी आरोप सिद्ध झाला नाही असं म्हटलं. मतं समसमान पडली. तरीही सरकारने मल्हाररावांना पदच्युत केलंच, कारण दाखवलं गैरकारभाराचं. आणि मग नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून आणलेला एक मुलगा सयाजीराव म्हणून गादीवर बसला. हे सगळं तू शाळेत स्थानिक इतिहास म्हणून दोन ओळींत वाचलं असशील. पण नीट बघ: सार्वभौम कोण? तह कोणी कोणाशी केला, आणि तो मोडायचा हक्क कोणाकडे? न्यायासनाचं सोंग आणि सत्तेचा निर्णय यांतलं अंतर कसं मोजायचं? छोट्या राज्याने बलाढ्य सत्तेपुढे स्वतःचं किती राखावं? हे आंतरराष्ट्रीय संबंधांचे अगदी मूळचे प्रश्न आहेत, आणि त्यांचे कागद तुझ्या गावात आहेत. बडोदा संस्थानच्या दप्तरातला मोठा भाग मराठीत, मोडी लिपीत आहे. दिल्लीत जन्मलेल्या किती विद्यार्थ्यांना तो वाचता येईल? तुला मराठी घरातून मिळालं आहे, गुजराती गल्लीतून, हिंदी-इंग्रजी शाळेतून. मोडी काही महिन्यांच्या सरावाने येते. पदवीच्या ऐच्छिक चौथ्या वर्षाचा प्रबंध रेसिडेन्सी आणि दरबार यांच्या पत्रव्यवहारावर लिहिलास, तर एम.ए.च्या प्रवेशअर्जात तुझं नाव हजारांत उठून दिसेल. बडोद्यात राहणं म्हणजे विषयापासून दूर राहणं, हे गृहीत धरू नकोस.

एम.एस.बद्दल मी तुला गोड गोड सांगणार नाही. वर्ग मोठे असतात. निबंध लाल शाईने भरून परत देणारा प्राध्यापक सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. परीक्षेपुरतं वाचणाऱ्यांची संख्या मोठी असते, आणि त्या घोळक्यात आपणही तसेच होऊन जाण्याचा धोका खरा आहे. चांगल्या खासगी विद्यापीठात लहान वर्ग, नेमाने लिहून घेणं, बाहेरून येणारे राजदूत आणि अभ्यासक हे मिळतं, आणि त्याला किंमत आहे. तुझा आतेभाऊ अगदीच चूक नाही: नावामुळे पहिली ओळख सोपी होते. पण तो सांगतो ते जास्त करून एम.ए.च्या नावाला लागू आहे. संशोधन संस्थेत पहिली जागा देणारा माणूस शेवटची पदवी पाहतो, आणि तू लिहिलेलं वाचून पाहतो.

आता पैशाचं. यावर कुणी तुझ्याशी मोकळेपणाने बोललं नसेल, म्हणून कागद-पेन घेऊन बस. वर्षाला नऊ लाख म्हणजे तीन वर्षांचे सत्तावीस. चौथं वर्ष केलंस तर छत्तीस. सत्तावीस लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता महिन्याला साधारण ३५,७०० रुपये पडतो, आणि शिक्षण चालू असताना चढलेलं व्याज त्यात धरलेलं नाही. बाबांना एक गोष्ट नक्की विचार: ते शैक्षणिक कर्ज म्हणताहेत, की मालमत्तेवरचं कर्ज? दोन्हींत फ्लॅट तारण राहू शकतो, पण फरक मोठा आहे. शैक्षणिक कर्जात हप्ते सहसा अभ्यासक्रम संपून वर्षभराने सुरू होतात, आणि जुन्या कररचनेत त्याच्या व्याजावर आठ वर्षं करसवलत मिळते. मालमत्तेवरच्या साध्या कर्जाचा हप्ता सहसा लगेचच सुरू होतो. सरकारची पीएम विद्यालक्ष्मी योजनाही आहे, बिनतारणाची. पण ती ठरावीक संस्थांनाच लागू आहे. तुमचं विद्यापीठ त्या यादीत आहे का, ते पाहून घ्या.

आणि आता वर्षं जुळवून पाहा. पदवी संपेल तेव्हा तू २१ वर्षांची असशील. यूपीएससी करायची तर पुढची दोन-तीन वर्षं पगार नाही. नेमके त्याच काळात हप्ते सुरू होतील, आणि त्यानंतर लवकरच बाबा निवृत्त होतील. म्हणजे ज्या कर्जामुळे तुला परराष्ट्र सेवेचा रस्ता मोकळा होईल असं वाटतं आहे, तेच कर्ज तुला पहिल्या मिळेल त्या नोकरीकडे ढकलेल. सगळ्यात मोठा तोटा मला हाच दिसतो. फी जास्त आहे म्हणून ते विद्यापीठ वाईट, असं माझं म्हणणं नाही.

उलट, एम.ए.च्या वेळी हेच पैसे किती वेगळे वागतात बघ. जेएनयूचं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज या विषयातलं देशातलं मातब्बर ठिकाण. १९५५ मध्ये दिल्लीच्या सप्रू हाऊसमध्ये सुरू झालेली संस्था १९७० मध्ये जेएनयूत आली. तिथली फी अजूनही अगदी कमी आहे. ब्रिटनमध्ये एम.ए. एका वर्षाचं असतं. परदेशी शिष्यवृत्त्याही, चेव्हनिंग, इरॅस्मस मुंडुस, कॉमनवेल्थ, बहुतेक करून एम.ए. आणि पुढच्यासाठीच असतात, बारावीनंतर बी.ए.ला जाणाऱ्या मुलीला त्यातलं फारसं काही मिळत नाही. चेव्हनिंगला तर कामाचा दोन वर्षांचा अनुभव मागतात. १९१३ मध्ये सयाजीरावांनी बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, तेही मुंबईत बी.ए. झाल्यावर. बाबांचे पैसे त्या टप्प्यासाठी राखून ठेव. तेव्हा कर्जही लहान लागेल आणि ते फेडायची ताकद तुझी स्वतःची असेल.

तुझ्या जागी मी असते तर दिल्ली विद्यापीठाची यादी लागेपर्यंत थांबले असते. सीयूईटीचे गुण चांगले आले तर राज्यशास्त्र किंवा इतिहास ऑनर्स घे. कॉलेजची फी हजारांत असते. खरा खर्च राहण्याचा. हॉस्टेलच्या जागा कमी, त्यामुळे पेइंग गेस्ट म्हणून राहणं आणि जेवण मिळून वर्षाला दीड-दोन लाख सहज जातात. तरी चार वर्षांचे मिळून होतात ते त्या खासगी विद्यापीठाच्या एका वर्षाच्या आसपास. पसंतीक्रम भरताना दोन-तीन प्रसिद्ध कॉलेजांवरच अडून बसू नकोस. अभ्यासक्रम सगळीकडे एकच आहे, आणि सप्रू हाऊसला होणाऱ्या व्याख्यानांना तू कुठल्या कॉलेजातून आलीस हे कुणी विचारत नाही.

याच सीयूईटीवर जेएनयूत परकीय भाषांचं बी.ए. ऑनर्स मिळतं: चिनी, जपानी, कोरियन, रशियन, फारसी, अरबी, स्पॅनिश आणि आणखी काही. तुझ्यासारख्या मुलींकडून या पर्यायाचा विचारच होत नाही, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. चिनी किंवा फारसी वाचता येणारी, वर आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. केलेली माणसं आपल्याकडे कमी आहेत. नुसतं आंतरराष्ट्रीय संबंध हेच नाव पदवीवर हवं असेल तर कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाचा विभाग जुना, नावाजलेला आणि सरकारी फीचा. त्यांची प्रवेशप्रक्रिया वेगळी असते, ती त्यांच्या संकेतस्थळावर पाहा. जवळच हवं तर गांधीनगरच्या पंडित दीनदयाळ एनर्जी युनिव्हर्सिटीत हा मुख्य विषय घेऊन बी.ए. होतं. फी सरकारी विद्यापीठापेक्षा बरीच जास्त आहे, पण दर शनिवारी घरी येता येईल. गुजरातच्या केंद्रीय विद्यापीठाचं नवं आवार तर डभोईजवळ कुंढेळ्यालाच आहे. तिथे आंतरराष्ट्रीय अभ्यासाचं स्कूल आहे, ते एम.ए.साठी लक्षात असू दे.

कुठलंही ठिकाण पारखताना माहितीपुस्तकातले हसरे फोटो आणि कंपन्यांचे लोगो बाजूला ठेव. अभ्यासक्रमाची फाइल उतरवून घे आणि वाचनयादी बघ: पुस्तकांची नावं आहेत की नुसती प्रकरणांची? शिकवणाऱ्यांपैकी कायमस्वरूपी किती, आणि त्यांनी गेल्या काही वर्षांत काय लिहिलं आहे? अर्थशास्त्राचा निदान एक भक्कम पेपर आहे का? एकच परकीय भाषा सलग तीन वर्षं शिकता येते, की दर सेमिस्टरला नवी ओळख करून देऊन सोडून देतात? लायब्ररी रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते? आणि दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीला गाठून एवढंच विचार, की मागच्या सेमिस्टरला तू किती निबंध लिहिलेस आणि ते तपासून परत आले का. तिच्या उत्तरावरून तुला क्रमवारीच्या कुठल्याही यादीपेक्षा जास्त कळेल.

मॉडेल युनायटेड नेशन्सची बक्षिसं तू आवर्जून लिहिलीस, आणि त्यांचा अभिमान वाटावा हे योग्यच आहे. चारचौघांत उभं राहून बोलायची भीड त्यातून जाते. पण या क्षेत्रातलं काम मुळात लिहिण्याचं आहे. आतापासून आठवड्याला एका बातमीवर दोन पानांचं टिपण लिही: काय घडलं, कुणाला काय हवं आहे, भारताने काय करावं, आणि तसं का. वर्षभरानंतर पहिलं टिपण काढून वाच.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण ओळींमधून मला ती दिसली. तुला बडोद्यातून बाहेर पडायचं आहे. घरापासून दूर राहावं, स्वतःचं स्वतः बघावं, जिथे कुणी बाबांच्या नावाने ओळखत नाही अशा ठिकाणी जावं. ही इच्छा अगदी रास्त आहे. आईला ती सरळ सांग. विषयाच्या आडून सांगू नकोस. तू घरापासून दूर राहायला निघाली आहेस याची तिला काळजी आहे, आणि तू तिला अभ्यासक्रमांची तुलना ऐकवते आहेस, म्हणून तुमचं बोलणं जुळत नाही. दिल्लीची गाडी बडोद्याहून रात्री निघते आणि सकाळी पोचते, हे तिला ठाऊक आहे. तिला ऐकायचं असेल ते वेगळं. तिचा यूपीएससीच्या क्लासचा आग्रह मात्र तू आत्ता मानू नकोस. पदवीची पहिली दोन वर्षं क्लासच्या नोट्सवर घालवलीस तर विषय कायमचा पोकळ राहील. एनसीईआरटीची पुस्तकं आणि रोजचं वर्तमानपत्र एवढी तयारी या वयाला पुरे.

खासगी विद्यापीठाला मी एकाच अटीवर हो म्हणेन: त्यांनी अशी शिष्यवृत्ती दिली की उरलेला खर्च बाबांच्या चालू मिळकतीतून, फ्लॅटला हात न लावता भागेल. मग खुशाल जा. ते मागायला संकोच करू नकोस. आज त्यांच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल कर. त्यात घरचं उत्पन्न लिही, गुणपत्रक जोड, आर्थिक मदत मिळेल का ते विचार, आणि दीड लाख भरायची तारीख सीयूईटीच्या याद्यांपर्यंत पुढे ढकलता येईल का तेही विचार. पुष्कळदा मिळते मुदत. प्रवेश रद्द केला तर फी परत करण्याबद्दल यूजीसीचे नियम आहेत आणि ते खासगी विद्यापीठांनाही लागू आहेत. पण दीड लाखांतले किती, कुठल्या तारखेपर्यंत आणि किती दिवसांत परत मिळतील, हे त्यांच्याकडून लेखी घेतल्याशिवाय एक रुपया भरू नका. फोनवरच्या आश्वासनाचा पुढे काही उपयोग होत नाही.

एम.एस.चा प्रवेश आता जीकॅस या गुजरातच्या सामाईक प्रवेश पोर्टलवरून होतो, तेव्हा दिल्लीची वाट पाहताना तो फॉर्म भरून ठेव. फेऱ्यांच्या तारखा निघून गेल्या तर हातातली जागाही जाईल. आणि तिथेच जायची वेळ आली तर पहिल्या आठवड्यात दोन कामं कर. फॅकल्टीत जर्मन, फ्रेंच, रशियनचे विभाग आहेत. त्यातल्या एका भाषेच्या सर्टिफिकेट कोर्सला नाव घाल आणि ती तिन्ही वर्षं सोडू नकोस. आणि राज्यशास्त्राच्या विभागात जाऊन ज्या प्राध्यापकांचा परराष्ट्र धोरणाचा अभ्यास आहे त्यांना शोध, तुझं एक टिपण त्यांच्या हातात दे आणि तपासून द्याल का म्हणून विचार. मोठ्या वर्गाला शिकवणाऱ्या माणसालाही असं विचारणारी मुलगी क्वचितच भेटते. पहिल्यांदा टाळाटाळ झाली तर पुढच्या महिन्यात दुसरं टिपण घेऊन जा. चौथ्या वर्षाचं मात्र तिसऱ्या वर्षी ठरव: अमेरिकेत एम.ए. करायचं मनात असेल तर चार वर्षांची पदवी बहुतेक लागतेच, जेएनयूला तीन वर्षांची पुरते.